शाळा मुकी, पडदा बोलका

नाटक पाहावयाचें तर माणसाला घराबाहेर पडावें लागतें, तिकीट काढावें लागतें, आणि न आवडल्यास मध्येंच उठून येतां येतें. दूरचित्रवाणीचें तसें नाहीं. ती पाहुण्यासारखी घरांत येते आणि आजी, सून, शाळकरी मुलें अशीं सर्व एकत्र बसलेलीं असतांना बोलूं लागते. म्हणून तिच्या पडद्यावर कोणाला आणावें आणि कोणाला आणूं नये, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाहीं. तो घराच्या उंबरठ्याचा होऊन बसतो. एखाद्या समाजानें आपल्यांतील कोणत्या माणसांस उंबरठ्याच्या आंत घेतलें, याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कायद्याच्या पुस्तकांबरोबर या पडद्याचीहि साक्ष काढावी लागेल. समलिंगी स्त्रीपुरुषांविषयीं इंग्लंडमध्यें जें घडलें, त्याबाबत ही साक्ष विशेष बोलकी आहे.

इंग्लंडमध्यें पुरुषापुरुषांतील संबंध हा कित्येक शतकें फौजदारी गुन्हा होता. प्रौढ माणसांनीं परस्परसंमतीनें एकांतांत केलेल्या वर्तनांत कायद्यानें हात घालूं नये, अशी शिफारस वुल्फेंडन समितीनें १९५७ सालीं केली. ती अमलांत येण्यास दहा वर्षें लागलीं. १९६७ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांना एकांतापुरती मोकळीक मिळाली. स्त्रियांमधील अशा प्रेमाला तेथील कायद्यानें गुन्हा असें कधीं म्हटलेंच नव्हतें. त्यांच्या वाट्यास शिक्षेऐवजीं संपूर्ण मौन आलें होतें. सारांश, कायद्याची सवलत बंद खोलीपुरती होती. दिवाणखान्यांत या माणसांना अद्याप जागा नव्हती.

पडद्यावर प्रथम जी जागा मिळाली, ती विदूषकाची. १९७२ ते १९८५ पर्यंत चाललेल्या ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ या विनोदी मालिकेंत कापडाच्या दुकानांतील मिस्टर हंफ्रीज हें पात्र जॉन इन्मन या नटानें लोकप्रिय केलें. त्याची लचकती चाल आणि द्व्यर्थी बोलणें यांवर सारा देश हंसे. परंतु तो कोणावर प्रेम करतो, हें मालिकेनें कधीं स्पष्ट सांगितलें नाहीं. १९७५ सालीं क्वेंटिन क्रिस्प यांच्या आत्मचरित्रावरून ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’ हें चित्र दूरचित्रवाणीवर आलें आणि जॉन हर्ट यांच्या अभिनयानें गाजलें. येथें हंसूं नव्हतें, धैर्य होतें. तथापि तें एका रात्रीचें दर्शन होतें. एका रात्रीच्या पाहुण्याला कोणीहि सहन करतो. खरी परीक्षा शेजाऱ्याची असते.

हा शेजारी दैनंदिन मालिकांनीं आणला. अमेरिकेंत नभोवाणीच्या काळीं अशा कौटुंबिक मालिकांना साबणाचे कारखानदार पैसा पुरवीत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हें नांव पडलें. इंग्लंडमध्यें या मालिकांची खरी नायिका म्हणजे गल्ली. तींतील माणसें आठवड्यामागून आठवडे भेटतात, भांडतात, लग्नें करतात, म्हातारीं होतात, आणि प्रेक्षकाला तीं आपल्या आळींतील वाटूं लागतात. लिव्हरपूल येथें चित्रित होणाऱ्या ‘ब्रुकसाइड’ या मालिकेनें १९८५ सालीं गॉर्डन कॉलिन्स या तरुणाला समलिंगी म्हणून उघडपणें दाखविलें. परंतु खरी खळबळ उडाली ती बी. बी. सी. च्या ‘ईस्टएंडर्स’मुळें.

ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ रोजीं सुरू झाली. १९८६ च्या नाताळांतील तिचा भाग सुमारें ३ कोटि लोकांनीं पाहिला. त्या वेळीं देशाची लोकसंख्या साडेपांच कोटींहून थोडीशीच अधिक होती. म्हणजे निम्मा देश एकाच गल्लींत डोकावत होता. त्याच वर्षीं त्या गल्लींत कॉलिन रसेल हा सुशिक्षित, सौम्य स्वभावाचा गृहस्थ राहावयास आला. ही भूमिका मायकेल कॅशमन यांनीं केली. कॉलिनचा जोडीदार बॅरी हा बाजारांत गाड्यावर माल विकणारा पोरगेला तरुण. त्याचें वय एकवीसच्या आंत असल्यामुळें त्यांचा संसार कायद्याच्या कात्रींत सांपडलेला. गल्लींतील धोबीघरांत डॉट कॉटन नांवाची एक धर्मभीरु बाई काम करीत असे. तिला प्रथम कॉलिनची भीति वाटली, रोगाच्या अफवा तिनें खऱ्या मानल्या. पुढें हळूहळू तिचें त्याच्याशीं सख्य जमलें. लेखकांनीं यांत मोठी युक्ति साधली होती. प्रेक्षकाच्या मनांतील भीति त्यांनीं एका आवडत्या म्हातारीच्या तोंडीं घातली, आणि ती तिच्या मनांतून उतरतांना दाखविली.

ही भीति काल्पनिक नव्हती. एड्सचा रोग त्या वेळीं नवा होता, त्यावर उपाय नव्हता, आणि तरुण माणसें मरत होतीं. १९८७ सालीं सरकारनें घरोघर माहितीपत्रकें वांटलीं व पडद्यावर थडग्याच्या शिळेचें चित्र असलेली जाहिरात दाखविली. तिला आवाज दिला होता त्याच जॉन हर्ट यांनीं. या जाहिरातीनें लोक सावध झाले, पण घाबरलेहि. एकाच पडद्यावर एके बाजूस थडगें आणि दुसऱ्या बाजूस चहा पिणारा कॉलिन, अशी ती विलक्षण जोडी होती. खपाऊ वृत्तपत्रांनीं मालिकेच्या नांवाची हेटाळणी करणारे शब्द तयार केले. कॉलिननें बॅरीच्या कपाळाचें चुंबन घेतलेलें दाखवितांच संतापाच्या मथळ्यांना ऊत आला. आजाऱ्याच्या किंवा मुलाच्या कपाळावर ओंठ टेकावेत इतकेंच तें होतें. परंतु तें विनोद म्हणून नव्हतें, आणि हाच त्याचा अपराध ठरला.

याच सुमारास सरकारनें उलट दिशेनें पाऊल टाकलें. ऑक्टोबर १९८७ मध्यें पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीं पक्षाच्या परिषदेंत, शाळांतून मुलांना समलिंगी असण्याचा हक्क शिकविला जात असल्याची तक्रार केली. पुढच्या वर्षीं स्थानिक शासनाच्या कायद्यांत २८ वें कलम आलें. स्थानिक संस्थांनीं समलैंगिकतेचा पुरस्कार करूं नये, आणि असें नातें कुटुंब म्हणून स्वीकारण्याजोगें आहे अशी शिकवण सरकारी शाळांतून देऊं नये, असें त्या कलमानें बजावलें. तें २४ मे १९८८ रोजीं अमलांत आलें. आदल्या सायंकाळीं कांहीं स्त्रिया बी. बी. सी. च्या बातम्यांच्या दालनांत घुसल्या. स्यू लॉली बातम्या वाचीत राहिल्या, त्यांचे सहकारी निकोलस विचेल त्या स्त्रियांना आवरीत होते, आणि दबलेले ओरडणें देशभर ऐकूं जात होतें. ज्यांच्याविषयीं कायदा झाला त्यांना पडद्यावर शिरण्यास त्या दिवशीं हाच एक मार्ग उरला होता.

या कलमाखालीं कोणालाहि शिक्षा झाली नाहीं. तरीहि त्यानें आपलें काम चोख केलें, कारण त्याचें हत्यार खटला हें नव्हतें, धास्ती हें होतें. कायदा वस्तुतः स्थानिक संस्थांना लागू. पण शिक्षकांनीं तो आपणांसच लागू आहे असें समजून जीभ आवरली. एखाद्या मुलाला वर्गांत त्याच्या चालण्याबोलण्यावरून छळलें, तर गुरुजींना मध्यें पडण्याची भीति वाटे. एखाद्या मुलीनें मन मोकळें केलें, तर तिला काय सांगावें हें बाईंना समजेना. शाळा पंधरा वर्षें मुकी झाली. नेमक्या त्याच काळांत सायंकाळची मालिका मात्र बोलत राहिली. जानेवारी १९८९ मध्यें कॉलिननें गुइडो या नव्या सोबत्याचें चुंबन घेतलें. इंग्लंडच्या दैनंदिन मालिकांत दोन पुरुषांनीं ओंठांचें चुंबन घेण्याचा हा पहिला प्रसंग. कॉलिन आजारी पडला, तेव्हां प्रेक्षकांनीं मनाशीं निदान ठरवून टाकलें. पण निघाला मज्जातंतूंचा एक निराळाच विकार. लेखकांनीं प्रेक्षकांच्या ग्रहांना असा शांत धडा दिला.

नटाचें कार्य मात्र मालिकेबरोबर संपलें नाहीं. २८ व्या कलमाच्या विरोधांतून १९८९ सालीं ‘स्टोनवॉल’ ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत इयन मॅकेलेन यांच्या बरोबरीनें मायकेल कॅशमन होते. पुढें ते युरोपीय संसदेचे सभासद झाले आणि २०१४ सालीं लॉर्डांच्या सभेंत बसले.

स्त्रियांचें मौन १९९४ च्या जानेवारींत फुटलें. ‘ब्रुकसाइड’मध्यें बेथ जॉर्डाश या तरुणीनें मार्गारेट या मैत्रिणीचें चुंबन घेतलें आणि तें मुलांच्या जागेपणीं, सायंकाळच्या वेळेस दिसलें. बेथची भूमिका ॲना फ्रील या तरुण नटीनें केली होती. परंतु पुढच्याच वर्षीं बेथला तुरुंगांत मरण आलें, आणि ज्या मुलींनीं तिच्यांत प्रथमच स्वतःला पाहिलें होतें त्यांनीं याचा निषेध केला. तो रास्त होता. आपल्यासारखें माणूस एकदांच दिसावें आणि तेंहि मरावें, याचा अर्थ कोवळ्या मनावर काय उमटत असेल?

शोकान्ताची ही वहिवाट मोडली रसेल टी. डेव्हिस या लेखकानें. मँचेस्टर शहरांतील कॅनॉल स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास घडणारी त्याची ‘क्वीअर ॲज फोक’ ही मालिका फेब्रुवारी १९९९ मध्यें चॅनेल फोर वर आली. तिच्यांतील तरुण साधुसंत नव्हते. ते उधळे, स्वार्थी, प्रेमळ, कधीं क्रूरहि होते. मालिकेच्या धिटाईमुळें बिअर विकणाऱ्या एका पुरस्कर्त्या कंपनीनें अंग काढून घेतलें. परंतु दया मागण्याची रीत येथें संपली. कॉलिनला चांगलें असल्याशिवाय घरांत प्रवेश नव्हता. या तरुणांनीं चांगलेपणाची ती अट नाकारली.

२८ वें कलम स्कॉटलंडमध्यें २००० सालीं आणि इंग्लंड व वेल्समध्यें २००३ सालीं रद्द झालें. ज्या पक्षानें तें आणलें होतें, त्याचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनीं २००९ सालीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षीं ‘ईस्टएंडर्स’च्या गल्लींत पाकिस्तानी वंशाच्या मुसलमान कुटुंबांतील सय्यद आणि त्याचा मित्र ख्रिश्चन यांची कथा सुरू झाली. सय्यदच्या आईची, झैनबची, भूमिका मुंबईंत जन्मलेल्या नीना वाडिया यांनीं केली. मुलावरील माया आणि चार लोकांत जाणारी अब्रू यांच्यामध्यें ती माउली ओढली जाते. मुलगा घरच्यांच्या समाधानासाठीं लग्नाला उभा राहतो, आणि त्यांत एका निरपराध मुलीच्या आयुष्याचीहि परवड होते. हें दुःख समजण्यास आपल्याकडील कोणत्याहि घराला टीपेची गरज पडूं नये.

डेव्हिस यांनीं २०२१ सालीं ‘इट्स अ सिन’ या पांच भागांच्या मालिकेंत मागें वळून एड्सच्या पहिल्या दशकाकडे पाहिलें. तींत शाळेंत काम करणारा ॲश मुखर्जी नांवाचा एक तरुण आहे. नव्या कलमास बाधक अशीं पुस्तकें ग्रंथालयांतून शोधून काढण्याचें काम त्याच्यावर येतें. तो सारीं कपाटें धुंडाळतो आणि शेवटीं सांगतो कीं, काढून टाकण्यासारखें येथें कांहींच नाहीं. आमच्याविषयीं कोणी कांहीं लिहून ठेवलेलेंच नाहीं. बंदी घालणाऱ्यांच्या आधीं मौनानेंच आपलें काम उरकलें होतें.

आपल्या देशांतील मौनाचा एक भाग तर याच इंग्रजी राज्याची देणगी. मेकॉले यांच्या मसुद्यावरून १८६० सालीं झालेल्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम इंग्लंडमधील कायदा सैल झाल्यावरहि आपल्याकडे अर्धें शतक टिकलें. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें एकमतानें रद्द केलें. त्या पांचांत अजय खानविलकर व धनंजय चंद्रचूड हे दोघे मराठी होते. मराठी रंगभूमीनें तर १९८१ सालींच, म्हणजे कॉलिन गल्लींत येण्याच्या पांच वर्षें आधीं, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्यें स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी उभी केली होती. पण नाटकाला जाणारा प्रेक्षक मूठभर. रात्रीच्या जेवणाच्या वेळीं जें घरांत येतें, त्याची गोष्ट निराळी.

२७ जुलै २०१२ रोजीं लंडनमध्यें ऑलिंपिक क्रीडांचें उद्घाटन झालें. त्या सोहळ्यांत राष्ट्राच्या आठवणींची जी चित्रमालिका जगाला दाखविली, तींत बेथ आणि मार्गारेट यांचें तें चुंबनहि होतें. ज्या क्षणाबद्दल अठरा वर्षांपूर्वीं गहजब झाला, तो क्षण आतां राष्ट्राच्या कुटुंबचित्रांत जाऊन बसला होता. मधल्या काळांत वादविवाद झाले, मोर्चे निघाले, कायदे बदलले. आणि त्याबरोबरच कोट्यवधि घरांत, जेवणाचीं भांडीं आवरतां आवरतां, लोकांनीं गल्लींतल्या एका माणसाची खुशाली विचारली होती.