विजेचा दाह आणि विजेचा संस्कार

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खालापूर तालुक्यांत, खोपोली हें गांव आहे. इ. स. १९१५ मध्यें तेथें टाटांचें जलविद्युत्‌केंद्र सुरू झालें आणि लोणावळ्याच्या माथ्यावर अडविलेलें पावसाचें पाणी नळांतून खालीं कोसळून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवूं लागलें. पुढें १९२२ मध्यें शेजारच्या कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथें दुसरें केंद्र उभें राहिलें. कारखानदारीच्या इतिहासांत ही हकीकत नेहमीं सांगितली जाते. परंतु तिच्याशीं निगडित असलेली दुसरी एक हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं.

खोपोलीची वीज सुमारें एक लाख व्होल्टच्या दाबानें मुंबईस नेण्यांत आली. दाब इतका चढला म्हणजे तारेलगतच्या हवेंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊं लागतात. पावसाळी रात्रीं तार बारीक आवाज करिते, निळसर प्रभा दिसते आणि ओझोनचा उग्र वास सुटतो. या प्रभेस ‘कोरोना’ म्हणतात. वीज वाहून नेणारास ती केवळ शत्रू होय. कारण तिच्यामुळें वीज वायां जाते आणि जवळच्या रबरास भेगा पडतात.

हाच दाह उपयोगीं लावण्याची खटपट मात्र जुनी आहे. जर्मनींत सीमेन्स यानें १८५७ मध्यें अशाच विसर्गानें ओझोन तयार केला. क्रूक्स यानें १८७९ मध्यें निर्वात नळींतील तेजास पदार्थाची चौथी अवस्था मानिलें, आणि १९२८ मध्यें लँगम्यूर यानें अशा विद्युन्मय वायूस ‘प्लाझ्मा’ हें नांव दिलें. इंग्लंडांत १९३३ मध्यें पॉलिथीन सांपडलें. तें हलकें व चिवट खरें. पण त्यावर शाई ठरत नाहीं कीं डिंक धरत नाहीं. १९५१ मध्यें डेन्मार्कांत आयस्बी यानें पॉलिथीनचा पडदा कोरोनाखालून नेला, तेव्हां त्यावर शाई बसूं लागली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें वरच्या रेणूंचे बंध तुटतात आणि त्या जागीं हवेंतील ऑक्सिजन जडतो, हें त्याचें कारण. बदल होतो तो अगदीं वरच्या थरांत. आंतील पदार्थ होता तसाच राहतो.

पुढें १९६६ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या हॅन्सन व शॉनहॉर्न यांनीं हेलियमसारख्या निष्क्रिय वायूच्या प्लाझ्मानें पृष्ठावरील रेणूंच्या सांखळ्या एकमेकींत गुंफिल्या. त्यामुळें पृष्ठ बळकट झालें. आयनांचा वेगवान झोत त्याहून खोल शिरतो, तरी ती खोली बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमीच असते. त्यानें पृष्ठ कठीण होतें व झिजेस टक्कर देतें. मात्र मात्रा वाढली तर तेंच ठिसूळ होतें. औषध आणि विष यांत अंतर असतें तें प्रमाणाचें, हा आयुर्वेदाचा जुना दंडक येथेंही लागू पडतो.

या संस्कारास काळाचें बंधनही आहे. पॉलिथीनच्या पृष्ठावरील रेणू कालांतरानें आंत वळतात आणि मिळविलेला गुण ओसरतो. उलट, उच्च दाबाच्या तारांस आधार देणाऱ्या सिलिकोन रबराचा पाणी झटकण्याचा गुण कोरोनानें जातो. पण विसावा मिळतांच आंतील तेलासारखे लहान रेणू वर येऊन तो परत आणितात. पूर्वस्थितीकडे परतण्याची ही ओढ एके ठिकाणीं दोष ठरते, तर दुसरीकडे तारणहार!

खोपोलीचें पाणी जनित्रें फिरवून पाताळगंगेस मिळतें आणि भिवपुरीचें उल्हास नदीस. या नद्यांकांठीं राहणाऱ्या लोकांस पावसांत टिकणारीं साधनें हवींत आणि नदींत न कुजणारा कचराही नको. टिकाऊपणाचा हा संस्कार खरा हितकर ठरावयाचा, तर वस्तु दीर्घकाळ वापरलीही गेली पाहिजे. दोन दिवसांत फेकून द्यावयाच्या पिशवीस अक्षय आयुष्य देण्यांत कोणतें शहाणपण आहे?