भोक पाडलेला आरसा

ऑस्कर वाइल्ड कशाने गेला, असं विचारलं तर उत्तरं बरीच येतात. दारू, कर्ज, तुरुंगात मोडलेली तब्येत... सगळी थोडीथोडी बरोबर आहेत. पण ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याचा जीव घेतला तो बहुधा कानाने. जुना दुखणेकरी कान, त्यावर हॉटेलच्या खोलीतच झालेलं ऑपरेशन आणि मग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला संसर्ग. यातला विचित्र भाग पुढेच आहे. त्याचे वडील, सर विल्यम वाइल्ड, हे डब्लिनचे त्या काळातले अतिशय नावाजलेले कानाचे सर्जन होते! १८५३ साली त्यांनी कानाच्या रोगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि वाहणाऱ्या कानाला किरकोळ समजू नका असं त्यात बजावून ठेवलं. कानामागे घ्यायच्या एका छेदाला वैद्यकात त्यांचंच नाव आहे.

हे वाचताना माझ्या डोक्यात डब्लिन नव्हतं, नांदूरघाट होतं. बीड जिल्हा, केज तालुका. माझी आत्या तिथे असते. दोन-तीन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा शेजारचा एक सात-आठ वर्षांचा मुलगा ओट्यावर खेळत होता आणि त्याच्या कानातून पिवळट पाणी गळत होतं. मी विचारलं तर आत्या म्हणाली, "अरे, लेकराचा कान फुटलाय. त्यात काय एवढं? समद्यांचेच फुटतात. मोठं झालं की थांबतंय." आजी त्यात लसणाचं तेल कोमट करून सोडायची. शाळेतून तक्रार एकच, की पोरगं लक्ष देत नाही.

परत येताना बसमध्ये विचार करत होतो की हे लसणाचं तेल नक्की किती जुनं असेल. नंतर शोधलं. मंडळी, चांगलं दोन हजार वर्षं जुनं निघालं! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णशूलावर लसूण, आलं, शेवगा यांचा कोमट रस कानात सोडायला सांगितलाय. म्हणजे नांदूरघाटची आजी काही मनाचं करत नव्हती, तिच्यामागे मोठी परंपरा उभी होती. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजलेत. कान ठणकणं, कानात आवाज येणं, बहिरेपण, कान वाहणं, मळ साठणं, कानात किडा जाणं... यादी वाचली तर आजच्या ईएनटीच्या ओपीडीबाहेरची रांग वाटते. फाटलेली कानाची पाळी सांधायच्या पंधरा पद्धती दिल्यात आणि त्या तर थक्क करणाऱ्या आहेत. कान टोचणं हाही त्या काळी वैद्याचाच प्रांत होता. तो सोनाराकडे कधी गेला कोण जाणे, आपल्याकडे म्हण मात्र सोनाराचीच राहिली.

पण नीट बघा. पाळी बाहेर आहे, डोळ्यांना दिसते, म्हणून तिथे एवढी प्रगती. आतल्या दुखण्यांची वर्गवारी सगळी लक्षणांवरून. दुखतंय का, वाहतंय का, आवाज येतोय का? कारण कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, अंधारी आणि वाकडी. तिच्या टोकाला पडदा, पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, आणि त्यापलीकडे गोगलगायीच्या शंखासारखं वळलेलं अंतर्कर्ण. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल नसताना डीबगिंग. एरर एकच दिसतोय, "ऐकू येत नाही", आणि त्यामागे मळाचा बोळा असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं, पडद्यामागे साठलेलं पाणी असू शकतं किंवा थेट नसच गेलेली असू शकते. चौघांवर औषध एकच, कोमट थेंब. मळ असेल तर तेलाने तो मऊ होईल, बरंही वाटेल. पडद्याला भोक असेल तर मात्र तेच तेल जंतूंसकट मध्यकर्णात जाणार. आजीचं तेल कधी लागू पडायचं आणि कधी नाही, याचं कारण एवढंच.

युरोपातही फार वेगळं चाललं नव्हतं. नाक-घशातून कानाकडे जाणारी नळी सोळाव्या शतकात युस्टॅकीने वर्णन करून ठेवली होती. पण तिच्यातून स्वतःच्या बहिरेपणावर उपाय करून पाहिला तो १७२४ साली व्हर्सायच्या ग्यो नावाच्या पोस्टमास्तरने! वाकवलेली नळी तोंडातून मागे घालून. डॉक्टर नव्हे, पोस्टमास्तर. (कानाच्या इतिहासात बाहेरून आलेली माणसं सारखी भेटतात, पुढे अजून आहेत.) कानामागचं हाड उघडून पू काढायचं ऑपरेशनही अठराव्या शतकात सुरू झालं होतं. पण १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजवैद्याने, बॅरन बर्गरने, स्वतःवरच ते करून घेतलं. त्याला त्रास काय, तर कानात आवाज येतो. ज्या दुखण्यासाठी ते ऑपरेशन नव्हतंच त्यासाठी केलं आणि तो काही दिवसांत मेला. एवढ्या बड्या माणसाचा मृत्यू म्हटल्यावर ते ऑपरेशन जवळजवळ ऐंशी वर्षं बदनाम झालं. १८७३ मध्ये जर्मनीत श्वार्ट्झने ते पुन्हा नीट बसवून दिलं, कधी करायचं आणि कधी नाही हे ठरवून.

या दोन तारखांच्या मध्ये जे घडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८४१ साली हॉफमन नावाच्या एका साध्या जर्मन गावडॉक्टरने अंतर्गोल आरशाला मधोमध भोक पाडलं. आरशाने दिव्याचा किंवा खिडकीचा उजेड कानात टाकायचा आणि भोकातून बघायचं. बस! डोळा आणि उजेड एका रेषेत आले. कोणी फारशी दखल घेतली नाही. १८५५ मध्ये फॉन ट्रोल्चने तोच आरसा पुन्हा शोधून पुढे आणला, मग तो डॉक्टरांच्या कपाळावर जाऊन बसला आणि जुन्या सिनेमांत डॉक्टरची खूण झाला. ह्यात नवीन विज्ञान काहीच नव्हतं. आरसा होता, भोक पाडता येत होतं. पण जिवंत माणसाच्या कानाचा पडदा नीट दिसू लागला, आणि एका "कान दुखतो"चे चार वेगळे आजार झाले. त्याच सुमारास नादकाटा वाजवून दोष पडद्या-हाडांकडचा की नसेचा हे ओळखायच्या चाचण्या आल्या, वेबरची १८३४ मधली आणि रिनेची १८५५ मधली. दोन्ही आजही रोज वापरतात, आणि त्यांना वीजही लागत नाही.

एकदा दिसू लागल्यावर बाकीचं हळूहळू येत गेलं. वाहणाऱ्या कानाने माणसं मरायची थांबली ती मात्र प्रतिजैविकांमुळे, आणि इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. पिंपरीला एचए कॉलनीवरून रोज कंपनीच्या बसने जाणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल की १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही देशात पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी होती? पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागलं. पेनिसिलिनने कान वाचवले. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे रोगी वाचवले, आणि त्यातल्या काहींच्या कानांतली नस कायमची घालवली. जीव आणि कान यांत निवड करायची तर कोणीही जीवच निवडणार, त्यामुळे डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही.

फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावणं १९५० च्या दशकात जमलं. वुलस्टाइन आणि त्सोलनर हे दोन जर्मन सर्जन, आणि झाइसने १९५३ मध्ये बाजारात आणलेला ऑपरेशनचा मायक्रोस्कोप. सुरुवातीला कातडीचं ठिगळ लावायचे, पुढे कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण वापरू लागले, जे तिथेच छेद घेऊन मिळतं. आणि तेव्हा मराठवाडा कुठे होता? बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मराठवाड्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघालं, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. बीड जिल्ह्याला आपलं मिळायला १९७४ उजाडलं, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण भागात, तालुक्याच्या गावी मेडिकल कॉलेज काढायचं हे त्या काळी धाडसच होतं. म्हणजे बघा, जर्मनीतून अंबाजोगाईपर्यंतचं अंतर वीस-पंचवीस वर्षांत कापलं गेलं. अंबाजोगाई ते नांदूरघाट हा एका सकाळचा प्रवास, तो मात्र अजून पुरता झालेला नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. आत्याच्या मागे लागून त्याला अंबाजोगाईला पाठवलं. तिथे कानात बघितल्यावर निदानाला पाच मिनिटंही लागली नाहीत, पडद्याला मोठं भोक. आधी कान कोरडा करायचा, म्हणजे कापसाच्या वातीने पुसायचा, डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे, पाणी आणि तेल अजिबात नाही. मग ऑपरेशन. आता तो वर्गात मागच्या बाकावरही ऐकतो. आजीचा मात्र अजूनही ठाम समज आहे की तेलाने निम्मं काम आधीच केलं होतं :-) सगळ्यांचं इतकं सोपं नसतं. काही कानांत भोकातून कातडी आत वाढत जाते आणि आसपासचं हाड खाते. दुर्गंधी येणारं, थोडंथोडं, वर्षानुवर्षं चालणारं पाणी ही त्याची खूण. असा कान मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि मोठं झालं की थांबतंय हे वाक्य तिथे जीवघेणं ठरतं.

आता थोडं आपल्या जातभाईंबद्दल, म्हणजे इंजिनिअर लोकांबद्दल. आतला शंख ध्वनी कसा वेगळा करतो हे मृत माणसांच्या कानांत प्रत्यक्ष बघितलं बेकेशीने, जो हंगेरीच्या पोस्ट खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करायचा. त्याला १९६१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. (पुन्हा पोस्ट!) टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची आई आणि बायको दोघीही कर्णबधिर होत्या, त्याचं सगळं काम तिथूनच सुरू झालं. आणि माझी आवडती गोष्ट ही, की ट्रान्झिस्टर वापरून सर्वसामान्यांना विकलेली पहिली वस्तू रेडिओ नव्हे, श्रवणयंत्र होतं, १९५२ च्या अखेरीस. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. बेल लॅब्जने श्रवणयंत्रांकरता पेटंटची रॉयल्टी माफ केली होती, बेलच्या स्मरणार्थ. आपण ज्या धंद्यावर पोट भरतो त्याचं पहिलं गिऱ्हाईक बहिरा माणूस होता हे कॉलेजात कोणी सांगितलं नाही.

पण माझ्या मते त्या हॉफमनच्या आरशाचा खरा वारस १९७८ मध्ये आला. लंडनच्या डेव्हिड केंपने दाखवून दिलं की निरोगी कान फक्त ऐकत नाही, तो स्वतः बारीकसा आवाज बाहेर टाकतो. मग काय, कानात छोटा माइक लावायचा, टिकटिक ऐकवायची आणि उत्तरादाखल आवाज येतो का बघायचं. दोन दिवसांचं बाळ, तेही झोपलेलं, तपासता येतं. याआधी मूल "बोलत नाही" हे दोन-तीन वर्षांनी लक्षात यायचं आणि मग नवस, अंगारे, जिभेखालचा धागा कापणं असले प्रकार. जिभेचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. मूल ऐकत नाही म्हणून बोलत नाही. आणि मेंदू भाषा शिकण्याची खिडकी पहिल्या तीनेक वर्षांत मोठी उघडी ठेवतो, नंतर ती बारीक होत जाते. म्हणून महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा नियम आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, काहीही असो, उशिरा दिलं तर तेवढं काम करत नाही.

आपल्याकडे यासाठी काहीच नाही असं नाही. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ ला महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्यात जन्मजात बहिरेपण आणि कान वाहणं दोन्ही येतं. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं असतं. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कागदावर साखळी पूर्ण दिसते.

आता हे बीडमध्ये ठेवून बघा. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. लहान मुलं सोबत, कारण ठेवायची कोणापाशी? हंगामी वसतिगृहं शाळेत जाणाऱ्यांसाठी, अंगावरच्या लेकरांसाठी नाहीत. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल. थंडीतली सर्दी, कोपीतला चुलीचा धूर, उघड्यावर झोपणं, म्हणजे कान फुटायला लागणारं सगळं नेमकं याच पाच-सहा महिन्यांत होतं, आणि नेमकं याच काळात ते मूल गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात "स्थलांतरित" असतं. ज्या फडावर ते असतं तिथल्या रजिस्टरात ते नसतंच. पथक आलं, हजर मुलं तपासली, निघून गेलं. कोणी चूक केली नाही, तरी तपासायला हवं होतं ते मूल सुटलं.

याला नवीन योजना लागत नाही असं मला तरी वाटतं. वेळापत्रक बदलावं लागेल. टोळ्या निघणाऱ्या गावांत अंगणवाडीची एक फेरी भाद्रपदात, म्हणजे बॉयलर पेटायच्या आत, आणि दुसरी माणसं परत आल्यावर मे महिन्यात. ज्याचा कान वाहतोय त्याला निघण्याआधीच थेंब आणि कापूस हातात, आणि आईच्या मोबाईलवर अंबाजोगाईची तारीख. आजकाल मोबाईलला लावायचे कानात बघायचे कॅमेरे मिळतात, पण नसला तरी अडत नाही. डोक्याला लावायचा दिवा आणि कानात घालायची ती छोटी नरसाळी, एवढ्यावर भागतं.