देवळालीचे अंकवेडे मास्तर

सोलापुराहून मुंबईस जाणारी गाडी कल्याण मागें टाकून डोंबिवलीवरून पुढें धांवते, तेव्हां त्या फलाटाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. पण याच स्टेशनावर गाडी बदलण्यासाठीं थांबलेल्या एका गृहस्थांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला, आणि स्टेशनाच्या जुन्या नांवावरून त्यांनीं त्यांस 'डेम्लो संख्या' म्हटलें. २५५३ ही त्यांपैकीं एक : टोकांच्या २ व ३ यांची बेरीज ५, आणि मध्यें पांचच पांच. गृहस्थांचें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. वडिलांना फलज्योतिषाचा नाद. आंकड्यांची गोडी मुलास तेथूनच लागली. फर्ग्युसन कॉलेजांत असतांना १९२७ सालीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें, १९२९ मध्यें पदवी मिळाली, आणि पुढें १९६२ पर्यंत देवळालीस मास्तरकी. विद्यापीठांत जागा नाहीं, कीं पदवीपलीकडचें शिक्षण नाहीं. दारुड्यास जसें दारूचें, तसें आपणांस अंकांचें व्यसन आहे, असें ते स्वतःच मोकळेपणानें सांगत.

विद्वान् मंडळी मात्र हंसत. हे अंकांचे खेळ, गणित नव्हे, असा त्यांचा आक्षेप. तो अगदींच खोटा म्हणतां येणार नाहीं. दशमान पद्धति सोडून दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या, कीं यांतले बरेच चमत्कार पालटतात. पण खेळ म्हटला म्हणून त्यांतला नियम खोटा ठरत नाहीं, आणि तो शोधून काढण्यास लागणारी चिकाटी हंसणाऱ्यांपैकीं किती जणांजवळ होती?

१९४९ सालचा त्यांचा शोध पाहावा. श्रोत्यांपैकीं कोणीं कागद-पेन्सिल जवळ घेतली असेल, तर मार्शल लॉमुळें सोलापूरकरांच्या स्मरणांत राहिलेलें १९३० हेंच साल मांडावें. उतरत्या क्रमानें अंक लिहिले तर ९३१०, चढत्या क्रमानें ०१३९, वजाबाकी ९१७१. पुन्हां तसेंच : ९७११ वजा ११७९, म्हणजे ८५३२. त्यांतून २३५८ गेले, उरले ६१७४. आतां हीच क्रिया कितीही वेळां करावी, ६१७४ जागचा हलत नाहीं. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथेंच येऊन थांबते.

यांत दैवी कांहीं नाहीं. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकास ९९९ नें गुणावें, मधल्या दोन अंकांतील फरकास ९० नें गुणावें, दोहोंची बेरीज करावी. पहिली वजाबाकी तेवढीच येते. त्यामुळें हजारों संख्यांचीं पहिलीं उत्तरें अवघीं ५४ निघतात, आणि त्यांचा माग काढणें हें एका संध्याकाळचें काम. सोपें खरें, पण तें आधीं कोणास तरी दिसावें लागतें.

नांवें ठेवण्यांतही मास्तरांची रसिकता दिसते. २१ मध्यें तिचेच अंक मिळविले कीं २४ होतात, म्हणून २४ ची जननी २१. परंतु २० ला अशी जननीच नाहीं. म्हणून ती 'स्वयंभू'. आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाणारी ती 'हर्षद'.

या नादानें घरांत पैसा आला नाहीं. पुस्तिका बहुधा पदरमोड करूनच छापलेल्या. १९६६ सालीं पत्नी वारल्या. राहणी अगदीं साधी असूनही पेन्शन पुरेना, तेव्हां उतारवयांत शिकवण्या धराव्या लागल्या. उरलेला वेळ पुन्हां अंकांनाच.

मार्च १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव देशोदेशीं गेलें. त्या वेळीं त्यांचें वय सत्तर होतें. पुढें अकरा वर्षांनीं, १९८६ सालीं, ते देवळालीसच निवर्तले.