सर्पदंश उपचार आणि रुग्णशिक्षण (जुन्नर व आंबेगाव तालुके)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत सर्पदंश हा शेती व वनजीवनाशी निगडित असा नेहमीचा आरोग्यप्रश्न आहे. विषारी सर्पदंशात दंशानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात आणि त्या तासांतील पहिले निर्णय डॉक्टर नव्हे, तर रुग्णाच्या घरातील व शेजारची माणसे घेतात. त्यामुळे लोकांना आधीच दिलेली माहिती, रुग्णालयातील तातडीची सेवा आणि डॉक्टर-रुग्ण संवाद या तिन्ही गोष्टी येथे उपचाराचाच भाग ठरतात. वैद्यकीय नीतिशास्त्रातील संमती, सत्यकथन, सेवा न नाकारण्याचे कर्तव्य व गोपनीयता ही तत्त्वे दैनंदिन आरोग्यसेवेत कशी लागू होतात, याचे सर्पदंश हे एक ठळक उदाहरण आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत येतो. नाणेघाट, आहुपे व भीमाशंकरच्या परिसरातील गावांत महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी समाजांची वस्ती असून भातशेती आणि हिरड्यासारखे वनोपज गोळा करणे ही तेथील उपजीविकेची साधने आहेत. पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या वेळी अनवाणी पायांनी खाचरांत उतरावे लागते. पूर्व भाग कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज व डिंभे या धरणांमुळे बागायती झाला असून तेथे ऊस, टोमॅटो, कांदा व द्राक्षे ही पिके घेतली जातात. उसाच्या फडात उंदीर असतात आणि त्यांच्या मागे साप येतात. शेतीपंपांना रात्रपाळीत वीज मिळते तेव्हा शेतकऱ्यांना अंधारात दारे धरण्यासाठी जावे लागते. गळीत हंगामात येणारे ऊसतोड मजूर फडाजवळच्या कोप्यांत जमिनीवर झोपतात. सर्पदंशाचा धोका अशा रीतीने कष्टकऱ्यांच्या वाट्याला अधिक येतो.

प्रमुख विषारी साप व लक्षणे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप भारतातील बहुतेक प्राणघातक दंशांस कारणीभूत मानले जातात.

नाग व मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होणे, गिळण्यास व बोलण्यास त्रास होणे आणि पुढे श्वास बंद पडणे, असा हा क्रम असतो. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. तिच्या दंशाच्या खुणा अतिशय बारीक असतात, वेदना व सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटदुखी, उलटी व पापण्या मिटणे एवढ्याच तक्रारी घेऊन रुग्ण येऊ शकतो. अशा रुग्णाची तक्रार किरकोळ समजून त्याला घरी पाठवणे प्राणघातक ठरू शकते.

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशात मोठी सूज येते व मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

प्रथमोपचाराचे शिक्षण

प्रथमोपचारात काय करावे याइतकेच काय टाळावे हेही महत्त्वाचे असते. रुग्णाला धीर द्यावा, त्याला चालू किंवा धावू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळी बांधून स्थिर ठेवावा. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढावेत आणि विलंब न करता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

दंशाच्या वर दोरी करकचून बांधणे, जखम ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ किंवा झाडपाला लावणे हे सर्व अपायकारक आहे. घट्ट बांधलेल्या दोरीमुळे अवयवाचा रक्तपुरवठा थांबून तो गमवावा लागू शकतो. मात्र रुग्ण दोरी बांधूनच आला असेल, तर ती वाटेत घाईने सोडू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. साप मारून आणण्याची आवश्यकता नसते, कारण उपचार मुख्यतः लक्षणांवरून ठरवले जातात. सापाच्या मागे लागल्याने वेळ जातो आणि दुसऱ्या माणसालाही दंश होऊ शकतो.

प्रतिबंधक उपायांत खाटेवर व नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे, रात्री बॅटरी व पायांत बूट वापरणे, तसेच सरपण व धान्य घरापासून दूर ठेवणे यांचा समावेश होतो. मात्र मजुराला खाट, बूट किंवा दिवसाची वीज मिळवून देणे हे केवळ उपदेशाने साधणारे नाही, याची जाणीव रुग्णशिक्षण देणाऱ्याने ठेवणे आवश्यक असते.

रुग्णालयातील उपचार आणि माहितीपूर्ण संमती

भारतात वापरले जाणारे प्रतिविष (बोलीभाषेत 'सापाचे इंजेक्शन') घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते व ते वरील चारही सापांच्या विषांवर चालते. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी वीस मिनिटांची साधी चाचणी केली जाते. सुमारे 2 मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर नळी तिरकी करून पाहतात. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते.

उपचाराविषयी नातेवाइकांना पुढील गोष्टी समजावून सांगणे अपेक्षित असते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक दंशात विष टोचले जातेच असे नाही. विषबाधेची लक्षणे नसतील तर प्रतिविष न देता रुग्णाला 24 तास देखरेखीखाली ठेवले जाते. 'इंजेक्शन का देत नाही' असा रोष येथेच उद्भवतो, आणि कारण आधी सांगितल्यास तो टळतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. प्रतिविष शरीराच्या वजनानुसार नव्हे, तर टोचलेले विष निष्प्रभ करण्यासाठी द्यावयाचे असल्याने लहान मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते. विषबाधेत सामान्यतः 8 ते 10 कुप्यांपासून आरंभ केला जातो.

तिसरी गोष्ट धोक्याची. प्रतिविषाने तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवावे लागते. त्वचेवरील पूर्वचाचणीने ही प्रतिक्रिया आधी कळत नाही. एक-दोन आठवड्यांनी ताप व सांधेदुखी उद्भवू शकते, हे घरी सोडताना सांगणे आवश्यक असते.

चौथी गोष्ट मर्यादेची. सह्याद्रीतील चापड्यासारख्या सापांच्या विषावर हे प्रतिविष उपयोगी नाही. शिवाय ते बनवण्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. सापाच्या विषाची घडण प्रदेशानुसार बदलत असल्याने परिणामकारकतेत फरक पडू शकतो. ही मर्यादा लपवून खात्री देणे नीतीला धरून नाही.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (2008) या निकालात उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय रुग्णाला कळतील अशा रीतीने सांगूनच संमती घेतली पाहिजे, असे स्पष्ट केले. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि विलंबाने जीव धोक्यात येत असेल, तर मात्र जीवरक्षक उपचार थांबवले जात नाहीत.

तातडीची सेवा व संदर्भसेवा

परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार (1989) या निकालानुसार जीव वाचवण्यासाठी सेवा देणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती (1996) या निकालात सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला गेला.

प्रतिक्रियेच्या किंवा रुग्ण दगावल्यास होणाऱ्या रोषाच्या भीतीने प्रतिविष सुरू न करताच रुग्णाला 'पुण्याला न्या' असे सांगणे, हा ग्रामीण भागातील गंभीर नैतिक प्रश्न आहे. आहुपे किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या गावातून घोडेगाव, मंचर वा जुन्नरला पोहोचेपर्यंत रुग्णाचा बराच वेळ खर्ची पडलेला असतो. प्रमाणित उपचारपद्धतीनुसार विषबाधा दिसताच प्रतिविष सुरू करावे, श्वासाला आधार देण्याची सोय पाहावी आणि दिलेली मात्रा, वेळ व लक्षणे लिहिलेली चिठ्ठी देऊनच रुग्णाला पुढे पाठवावे. अशा रीतीने पाठवणे म्हणजे संदर्भसेवा होय. उपचाराविना पाठवणे ही सेवा नाकारण्याचीच एक रीत ठरते.

भगत, मंत्रोपचार व कायदा

गावात भगत किंवा मांत्रिक हा पुष्कळदा सर्वांत जवळचा व परिचित माणूस असतो. बिनविषारी साप चावलेले किंवा विष न टोचलेले रुग्ण आपोआप बरे होतात आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळते. हा कार्यकारणभाव समजावून सांगणे हे रुग्णशिक्षणाचे काम आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यास व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे याचा समावेश असून त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. तथापि उशिरा आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना खाटेशेजारी दोष देणे अनुचित होय. भगतालाच 'आधी दवाखान्यात न्या' असे सांगण्यास प्रवृत्त करणे अधिक फलदायी ठरू शकते.

नोंदी, खर्च व गोपनीयता

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे व मागणी केल्यास 72 तासांत देणे बंधनकारक आहे. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबास 2 लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यूचे कारण दर्शवणारी कागदपत्रे लागतात. त्यामुळे नोंद अपुरी राहिल्यास कुटुंबाचे प्रत्यक्ष नुकसान होते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. रुग्णाचे छायाचित्र किंवा नाव त्याच्या संमतीविना प्रसारित करणे हा गोपनीयतेचा भंग ठरतो, मग हेतू जनजागृतीचा असला तरीही.

स्थानिक कार्य

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य सर्पदंशाच्या उपचारासाठी व त्याविषयीच्या जनजागृतीसाठी ओळखले जाते. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हे उद्दिष्ट ठेवून त्यांनी गावकरी, विद्यार्थी व आरोग्य कर्मचारी यांच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. तालुक्याच्या ठिकाणी, अतिदक्षतेची सोय जवळ ठेवून हा उपचार करता येतो, हे या कार्यातून दिसून येते.

राष्ट्रीय व जागतिक संदर्भ

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत समावेश केला. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी 58,000 मृत्यू झाल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा अनिवार्यपणे नोंद करावयाचा आजार जाहीर करावा, असे केंद्राने राज्यांना सुचवले.