हातोडेवाले अबोल गृहस्थ

परवा आरवलीला गेलो होतो. वेतोबासमोरचे केळ्यांचे घड आणि त्या अवाढव्य चपला बघताना जयवंत दळवी आठवले. हे त्यांचं गाव. 'सारे प्रवासी घडीचे' वाचून इथली माणसं ओळखीची झालेली...

1960च्या दशकात 'ललित' मासिकात 'घटका गेली, पळे गेली' हे सदर सुरू झालं. लेखक कुणी ठणठणपाळ! भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवायचा. वसंत सरवट्यांनी चित्रात त्याच्या हाती भला थोरला हातोडा दिला होता. आणि त्या नावामागचे दळवी? भाषण म्हटलं की टाळणारे.

मला हे अगदी पटतं. लग्नघरात कुणी 'दोन शब्द बोल' म्हणालं की मी मागीलदारी माडाखाली सापडतो. घरी वहीत मात्र पानंच्या पानं! आजी म्हणायची, "मूग गिळलंस काय रे?"

पुढे ठणठणपाळ म्हणजे दळवी हे सगळ्यांना कळलं, तरी सदर चालूच राहिलं. म्हणजे नाव लपवायचं नव्हतंच. समोर माणसं बसलेली नकोत, एवढंच असावं. मी मात्र वहीसुद्धा ट्रंकेच्या तळाशी ठेवली. आजी गेली, तिला एक पानही वाचून दाखवलं नाही.