रोवलेली पेशी उपटता येत नाही

कंपवात, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात, त्यात मेंदूतल्या डोपामिन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात, अंग ताठरतं, पाऊल उचलत नाही. लेवोडोपाच्या गोळीने आराम पडतो, पण काही वर्षांनी त्या गोळीनेच अनेकांचं अंग आपोआप वळवळू लागतं.

मग मेलेल्या पेशींच्या जागी नव्या रोवल्या तर? या विचाराचा इतिहास आम्ही आज सांगतोय, कारण ‘पेशी टोचल्या की कंपवात जातो’ असं ऐकून बायका बचत गटात कर्जाची चौकशी करतात.

१९८७ साली स्वीडनच्या लुंड शहरात डॉक्टरांनी गर्भपातातून मिळालेल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत सोडायला सुरुवात केली. पुढे काहींना चांगला गुण आला. पण हा गुण पेशींचा की आशेचा? हे बघायला अमेरिकेत ४० रुग्ण घेतले. २० जणांच्या मेंदूत पेशी सोडल्या, २० जणांच्या कवटीला नुसती भोकं पाडली. कुणाला काय केलं, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं.

२००१ साली निकाल आला. वर्षभराने ‘मला किती बरं वाटतं’ या प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही गट सारखेच होते. साठीच्या आतल्यांची हालचाल तपासणीत थोडी सुधारली होती. पण पुढे पेशी मिळालेल्या एकूण ३३ जणांपैकी ५ जणांचं अंग पिळवटू, वळवळू लागलं. गोळी कमी केली, बंद केली, तरी ते थांबेना. २००३ साली दुसऱ्या अभ्यासात २३ पैकी १३ जणांना गोळी नसतानाही असा त्रास दिसला. काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. गोळी बंद करता येते, रोवलेली पेशी उपटता येत नाही. म्हणून हे काम बरीच वर्षं थंडावलं.

२०१० साली लंडनमध्ये अशा दोन रुग्णांचे मेंदू तपासले. रोवलेल्या जागी सेरोटोनिन हे वेगळंच द्रव्य तयार करणाऱ्या पेशीही भरपूर दिसल्या. बियाण्यात दुसरं बी मिसळावं, तसंच हे. त्यावरचं औषध दिल्यावर वळवळ कमी झाली.

आता प्रयोगशाळेत निवडून वाढवलेल्या पेशी वापरतात. २०२५ साली अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचा अहवाल आला. १८ महिन्यांत रोपणामुळे होणारी वळवळ कुणालाच झाली नव्हती. आशा आहे, पण तुलनेला खोट्या शस्त्रक्रियेचा गट त्यात नव्हता, हेही लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे कंपवातासाठी मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर दागिना मोडण्याआधी तीन प्रश्न विचारा: ही चाचणी आहे का? मान्यतेचा कागद कुठाय? आणि गोळी बंद केल्यावरही अंग वळवळत राहिलं, तर पुढे काय करणार? उत्तर मिळेपर्यंत घरच्या माणसाची गोळी वेळेवर द्या, मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ती बंद करू नका.