टाकळा समजून भलतंच तोडलं तर? ही रानभाजी ओळखायची कशी

जून संपता संपता मोबाईलवर रानभाज्यांचे रील्स सुरू होतात. कोणी परसातून हिरवा पाला खुडतंय, कोणी 'फुकटची पौष्टिक भाजी' म्हणून तो कढईत टाकतंय. या व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी भाजी म्हणजे टाकळा. पण टाकळ्यासारखंच दिसणारं आणि नावानेही जवळचं असलेलं एक दुसरं झुडूप आहे. त्याच्या बिया खाऊन लहान मुलांचे जीव गेले आहेत. त्यामुळे भाजी करायच्या आधी ओळख पक्की हवी.

टाकळा म्हणजे नेमकं काय?

टाकळा हे पावसाळ्यात आपोआप उगवणारं तण आहे. शास्त्रीय नाव सेना टोरा, जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा. विदर्भात याला तरोटा म्हणतात, संस्कृतात चक्रमर्द आणि मालवणीत टायकळो.

मालवण तालुक्यातलं तोंडवली हे समुद्र आणि खाडी यांच्यामधलं गाव. अशा किनारपट्टीच्या गावांत पाऊस पडून दहा-पंधरा दिवस झाले की परसात, गडग्याच्या कडेला, वाटेच्या दोन्ही बाजूंना टाकळ्याची रोपं दाट उगवतात. त्याच सुमारास, 1 जून ते 31 जुलै, राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी मिळते आणि ताटात रानातल्या पालेभाज्या येतात. टाकळा त्यातलाच एक.

भाजी कधी आणि कशी करतात?

भाजीसाठी फक्त कोवळा पाला घेतात. रोप वीतभर उंच असतानाच शेंडे खुडायचे. पुढे पानं जून आणि कडवट होतात, फुलं आली की भाजीचा मोसम संपला असं समजायचं.

पाला निवडून, धुऊन बारीक चिरतात. फोडणीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, सोबत भिजवलेली डाळ किंवा फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. काही घरांत पाला आधी उकळून ते पाणी टाकून देतात, त्याने कडवटपणा आणि उग्र वास कमी होतो.

गफलत कुठे होते?

टाकळ्याच्या कुळातलंच दुसरं झुडूप म्हणजे कासविंदा, शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेंटॅलिस. काही भागांत याला 'रानटाकळा' म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. रानात उगवलेला टाकळा म्हणजे रानटाकळा, असं नवख्या माणसाला सहज वाटू शकतं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी झाडं आहेत.

दोन्ही पावसाळ्यात उगवतात, दोन्हींना पिवळी फुलं येतात. पान चुरगळलं तर दोन्हींना उग्र वास येतो. संध्याकाळ झाली की दोन्हींची पानं मिटतात. त्यामुळे 'वास घ्या, कळेल' किंवा 'रात्री पानं मिटतात तो टाकळा' या खुणा पुरेशा नाहीत.

मग ओळखायचं कसं?

- पानाचं टोक: टाकळ्याची पानं टोकाला गोलसर आणि रुंद असतात, देठाकडे निमुळती होत जातात. कासविंद्याचं पान टोकाला अणकुचीदार असतं. रोप लहान असतानाही ही खूण दिसते.
- जोड्या मोजा: टाकळ्याच्या एका देठावर साधारण तीन जोड्या असतात, म्हणजे सहा पानं. कासविंद्याला बहुधा चार ते सहा जोड्या असतात.
- देठावरची गाठ: टाकळ्याच्या खालच्या जोड्यांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी बारीक ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते.
- शेंग: टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, मध्ये तपकिरी आणि कडांना फिकट.

शेंग ही सगळ्यात सोपी खूण, पण ती पावसाळा सरताना येते. भाजी खुडायच्या वेळी पानांवरच भिस्त ठेवावी लागते. एका खुणेवर थांबू नका, पहिल्या तिन्ही जुळल्या तरच तोडा.

कासविंद्याची एवढी भीती का?

पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक आजारी पडत होती. उलट्या, विचित्र वागणं, मग बेशुद्धी. दगावणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. सुरुवातीला हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर मानला गेला. पुढे बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ, विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. खेळता खेळता मुलांनी खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे या आजाराचं संभाव्य कारण असल्याचं त्यांनी 2007 मध्ये मांडलं. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर एकदम परिणाम होत होता.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. ही विषबाधा कासविंद्याच्या बियांची होती, टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची नाही. म्हणून टाकळा खाणं सोडायची गरज नाही. पण घराजवळ कासविंदा वाढला असेल, तर शेंगा धरायच्या आधी तो उपटून टाका आणि मुलांना कुठल्याही रानटी शेंगा तोंडात घालू देऊ नका. मुलाने अशा बिया खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या. झाडाची फांदी किंवा शेंग सोबत घ्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

टाकळा औषधी आहे का?

आयुर्वेदात टाकळ्याला 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्ण घालवणारा, असंही नाव आहे. चीन, कोरिया आणि जपानमध्ये टाकळ्याच्या व त्याच्या जवळच्या भावंडाच्या बिया भाजून पेय करतात. बियांपासून मिळणारा डिंकासारखा पदार्थ पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्यात वापरला जातो.

म्हणून घरच्या घरी काढे करू नका. टाकळ्यात पोट साफ करणारी द्रव्यं असतात, प्रमाण जास्त झालं तर जुलाब होऊ शकतात. गरोदर महिलांनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मोसमात अधूनमधून भाजी खाणं वेगळं आणि रोज औषध म्हणून घेणं वेगळं.

तोडताना हे लक्षात ठेवा

- वर्दळीच्या रस्त्याच्या आणि गटाराच्या कडेचा पाला नको.
- तणनाशक फवारलेल्या बागेतला पाला नको. फवारणी झाली की नाही हे मालकाला विचारा.
- मोबाईल ॲपने नाव सांगितलं म्हणून खाऊ नका. कोवळ्या रोपाच्या फोटोवरून ॲप चुकू शकतं.
- पहिल्यांदा तोडत असाल तर ही भाजी वर्षानुवर्षं करणाऱ्या घरातल्या किंवा शेजारच्या काकी-आजींना सोबत न्या.
- शंका असेल तर तोडू नका. बाजारात जुड्या मिळतात, त्यातलंही एक पान उलगडून बघा.

आणि पुढच्या वेळी टाकळ्याचा रील शेअर कराल, तेव्हा आधी व्हिडिओ थांबवा. पानाचं टोक बघा, जोड्या मोजा. टोक अणकुचीदार दिसलं तर शेअर करण्याऐवजी खाली कमेंटमध्ये तसं सांगा.